चावायची परवानगी

५ तारीख, बुधवार

दोन दिवस बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. धाकटी बहीण फोनवर म्हणाली, "ताई, तू दोन दिवस गप्प बसलीस तर फुटशील. लिहून काढ." म्हणून लिहिते आहे.

खालच्या दोन्ही अक्कलदाढा काल काढल्या. हाडात आडव्या झोपल्या होत्या म्हणे, हिरडी कापून, तुकडे करून काढाव्या लागल्या. सत्तावन्नाव्या वर्षी. धाकटीने लगेच तोंडसुख घेतलं, "होती नव्हती तीही गेली का गं?" मला हसता येत नाही हे माहीत असूनच ती असं बोलते. मी फोनवर दोनदा खाकरले, त्याचा अर्थ तिला कळला.

दुकान बंद ठेवलंय. कपडे दुरुस्तीच्या दुकानाचं तसं काही अडत नाही, लोकांच्या पँटी चार दिवस लांब राहिल्या तर जग बुडत नाही. पण मला हात रिकामे ठेवायची सवय नाही. मशीनवर बसले तर सवयीने टाचण्या ओठांत धरायला गेले, आणि सुजलेल्या गालाने चांगलाच हिसका दाखवला.

खायचं म्हणजे गार आणि मऊ. दही, केळं, कुस्करलेला बटाटा, गाळलेलं सूप. बिया नकोत, तिखट नको, आणि नळीने ओढून प्यायचं नाही, जखमेवरची खपली सुटते. नर्सबाईंनी हे सगळं मला आणि वरच्या क्रेनवाल्यांना एकदमच समजावून सांगितलं. हो, तेही तिथेच. त्यांच्या जबड्यात गाठ होती, ती काढली. आमच्या डोक्यावर राहतात, गोदीत क्रेन चालवायचे, आता निवृत्त आहेत. त्यांच्या कुंड्यांचं पाणी एकदा माझ्या गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कोटावर ठिबकलं होतं. तेव्हापासून आमचं जिन्यात एकमेकांना पाहून भिंतीकडे पाहणं चालू आहे. काल दोघंही गालावर बर्फ धरून एका बाकावर बसलो होतो आणि बोलायची दोघांनाही बंदी. इतक्या वर्षांत आमची एवढी शांत बैठक कधी झाली नव्हती.

६ तारीख, गुरुवार

सकाळी केळं. दुपारी केळं आणि दही. संध्याकाळी नुसतं दही, कारण केळ्याकडे बघवेना.

अंधार पडायच्या आधी दार वाजलं. क्रेनवाले. हातात ताटलीने झाकलेला वाडगा आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, "भोपळा. मीठ कमी. गार केलंय." गाल माझ्यासारखाच सुजलेला, फक्त डाव्या बाजूचा जास्त. मी हाताने नको नको केलं. त्यांनी हाताने घ्या घ्या केलं. दोन मुकी माणसं उंबऱ्यात किती वेळ भांडणार? घेतलं.

सूप कसलं, त्यात गुठळ्याच गुठळ्या. पण भोपळा आधी भाजून घेतलेला होता. केळ्यानंतर त्या भाजल्याच्या वासाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे खोटं कशाला बोलू. रिकामा वाडगा परत द्यायचं मला काही जमत नाही, म्हणून कस्टर्ड करून त्यातच पाठवलं. पाठवलं कसलं, जिना चढून मीच गेले. त्यांनी दार उघडलं, मी वाडगा दिला, उतरले.

९ तारीख, रविवार

आता थोडं बोलता येतं. पहिलं वाक्य मी क्रेनवाल्यांना सुनावलं, "भोपळा शिजवून झाल्यावर चाळणीतून दाबून काढायचा असतो." ते म्हणाले, "मला वाटलं, सूप म्हणजे पातळ केलं की झालं." मी चाळणी दिली. कशी धरायची तेही दाखवलं. एवढी मोठी क्रेन चालवणारा माणूस, चाळणीशी असा झगडत होता की बघवत नव्हतं.

असं ठरलं आहे की एक दिवस त्यांनी करायचं, एक दिवस मी. एकट्यासाठी अर्धा बटाटा कुस्करत बसायचा कंटाळा येतो, एवढंच कारण आहे. धाकटीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अच्छा." तिच्या 'अच्छा'मध्ये नेहमी काहीतरी कोंबलेलं असतं.

१२ तारीख, बुधवार

टाके काढले. माझे दुखले नाहीत. त्यांचे दुखले असणार, पण बाहेर येऊन म्हणाले, "काही नाही, मुंगी चावली." डोळे मात्र लाल.

काल त्यांची पाळी होती. त्यांनी भात, अंडं, गाजर, दूध आणि एक केळं एकाच मिक्सरमधून फिरवून आणलं. रंग फरशी पुसायच्या फडक्यासारखा. मी विचारलं, "हे काय आहे?" म्हणाले, "पोटात जाऊन सगळं एकच होतं ना?" मी म्हटलं, "पोटात काय होतं ते पोट बघेल, मला जिभेशी मतलब आहे." आज मी त्यांना समोर बसवून दाखवलं. बटाटा वेगळा, त्यात लोणी. गाजर वेगळं, त्यात चिमूटभर साखर. अंडं अगदी मंद आचेवर, सारखं ढवळत, ओलसर असतानाच उतरवायचं. एका ताटलीत तीन रंग. ते बराच वेळ खात होते. मग म्हणाले, "मला वाटायचं, मऊ म्हणजे आजाऱ्याचं." मी म्हटलं, "आजारीच आहोत आपण." तर हसले आणि लगेच गाल धरला.

१५ तारीख, शनिवार

जिन्यावरून वाडगे वर-खाली करण्यात काही अर्थ नाही, त्यांचे गुडघेही कुरकुरतात. म्हणून आजपासून माझ्याकडेच जेवायचं. कापड बेतायचं टेबल मी पुसून घेतलं. त्यावर आजवर कुणी जेवलं नव्हतं, मीही नाही. आई गेल्यापासून मी ओट्यापाशी उभ्या उभ्याच खाते. बसून जेवायला दोन माणसं लागतात, एकटीने बसलं की उगाच कुणाची तरी वाट बघितल्यासारखं वाटतं.

हे मी त्यांना बोलून गेले. का कोण जाणे. त्यावर ते म्हणाले, क्रेनच्या केबिनमध्ये बसलं की जेवायला खाली उतरण्यात सुट्टी संपून जायची, म्हणून डबा वरच खायचा. सगळी गोदी खाली एका पंगतीला बसलेली दिसायची. हसताना दिसायचे, ऐकू यायचं नाही. नोकरीभर असंच. बायको होती तोवर रात्रीचं तरी सोबत व्हायचं, ती गेल्याला आता खूप वर्षं झाली.

रताळं जरा घट्ट झालं होतं, दूध घालून सैल केलं.

१६ तारीख, रविवार

त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा ते इथेच होते. दुसऱ्या शहरात असते, नोकरी करते. आवाज असा खणखणीत की फोन कानाला लावूनही सगळं ऐकू येतं. "बाबा, डॉक्टरांनी चावून खायची परवानगी दिली की लगेच सांगा, मी न्यायला येते. मला रोज वेगळं गाळून-दळून करणं जमणार नाही, पण साधं जेवायला लागलात की इथेच राहायचं. कायमचं. आता एकटं नाही ठेवायची मी तुम्हाला."

चांगली मुलगी आहे. हल्ली बापाची कोण इतकी काळजी करतं? मी त्यांना तसं म्हटलंही, "जायलाच हवं तुम्ही." ते म्हणाले, "हो, जायला तर हवं."

मसुराच्या सुपात आज मी दोनदा मीठ घातलं. त्यांनी मुकाट्याने संपवलं.

१७ तारीख, सोमवार

ते दवाखान्यात दाखवून आले. मी दुकान उघडलं होतं, एका बाईंच्या झग्याची चेन बसवत होते. खिडकीतून आत डोकावून म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, अजून थांबा. मऊच खा." इतक्या आनंदाने वाईट बातमी सांगणारा माणूस मी पाहिला नाही. येताना भला मोठा भोपळा घेऊन आले होते, खांद्यावर. दोघांना आठवडाभर पुरेल.

मला मात्र काळजी वाटते आहे. गाठ साधीच होती ना? चेन उलटी बसली, उसवून पुन्हा लावली.

१९ तारीख, बुधवार

डॉक्टरांनी मला मोकळं केलं. "छान भरलंय. आता काहीही खा, फक्त दगड सोडून." बाहेर पडले ती थेट कोपऱ्यावर गेले, खारे शेंगदाणे घेतले आणि तिथेच रस्त्यावर उभी राहून खाल्ले. देवा, तो कडकड आवाज! स्वतःच्या डोक्यात वाजतो. पुडी संपल्यावर तळाचं मीठसुद्धा बोटाने खाल्लं.

क्रेनवाल्यांना सांगितलं नाही. ते बिचारे अजून पचपचीत खाताहेत, आणि मी समोर बसून ब्रेडच्या कडा मोडायच्या? बरं दिसत नाही. त्यांना परवानगी मिळेपर्यंत मीही मऊच खाईन. शेजारधर्म म्हणून काही असतं. विचारलं तेव्हा म्हटलं, "थोडं राहिलंय अजून." खोटं बोलताना माझा कान तापतो, पण पदार्थ गरम होता, त्यांना तसंच वाटलं असेल.

२० तारीख, गुरुवार

सकाळी वरून सारखा कडक कडक आवाज येत होता. थोडा थांबायचा, पुन्हा यायचा. दुपारी विचारलं तर म्हणाले, खिडकीची कडी बसवत होतो. त्यांच्या स्वेटरवर तीळ चिकटलेले होते. तीळ! जखमेत अडकले म्हणजे? मी ओरडलेच. म्हणाले, पक्ष्यांना टाकतो. मी ते एकेक करून झटकले. वय झालं तरी माणसाला स्वतःची काळजी घेता येत नाही.

आज पपई कुस्करून, वर थोडं दही. दोघांनीही दोनदा घेतली.

२३ तारीख, रविवार

थोडक्यात वाचले. सकाळी एका कोटाची बाही आखूड करायला घेतली होती, ओठांत पाच-सहा टाचण्या, दातांनी दाबून धरलेल्या. ते न सांगता आत आले. मी घाईघाईने टाचण्या काढल्या, एक तर जमिनीवर पडली. ती त्यांनीच उचलून दिली. माझ्या तोंडाकडे एक क्षण बघितलं आणि म्हणाले, "सूप आज जरा लवकर करू या का?" त्यांचं लक्ष नव्हतं बहुतेक. पुरुषांचं अशा गोष्टींकडे नसतंच.

दुपारी त्यांनी भोपळा स्वतः चाळला. एक गुठळी नाही. मी शाबासकी दिली तर मानेपर्यंत लाल झाले.

२४ तारीख, सोमवार

धाकटीशी भांडण झालं. ती म्हणाली, "तुला बुधवारी मोकळं केलं ना? मग अजून ते गिळगिळीत का खातेस?" मी शेजारधर्माचं सांगितलं. ती म्हणाली, "मला ताप आला होता तेव्हा तू माझ्यासमोर बसून भजी खाल्ली होतीस." मी म्हटलं, तो प्रश्न वेगळा. मग तिने विचारलं, "तू त्यांना हाक काय मारतेस?" मी म्हटलं, हाक कसली, 'अहो' म्हणते. त्यावर ती इतकी हसली की मी फोन ठेवून दिला. अहो तर रस्त्यावरच्या कुणालाही म्हणतात.

ती मला चाळीस वर्षं छळते आहे आणि अजून दमत नाही.

पण ती शेवटी म्हणाली ते डोक्यातून जात नाही. "ते गेले की तू पुन्हा उभ्यानेच खाणार का?" मी म्हटलं, त्यात काय झालं, आजवर खातच होते. आज टेबल पुसताना मला खरंच बरं वाटत नव्हतं. पोटात काहीतरी बिघडलंय, मऊ खाण्यानेही होतं असं.

२६ तारीख, बुधवार

शेवटचं दाखवायला दवाखान्यात गेले होते. नर्सबाईंना सहज म्हटलं, "आमच्या शेजाऱ्यांचं इतकं हळू का भरतंय? मला काळजी वाटते." त्या म्हणाल्या, "कोण, क्रेनवाले काका? त्यांना तर तुमच्या आधीच मोकळं केलं. मागच्या आठवड्यात, सोमवारी. जाताना आम्हाला सगळ्यांना पेढे... नाही, चॉकलेटं वाटून गेले."

मी रस्ताभर रागाने चालत आले. नऊ-दहा दिवस मी त्या माणसासाठी गाजरं दाबते आहे, रताळी गाळते आहे, माझ्या हातांची सालं निघाली, आणि हे वर बसून कडक कडक करताहेत! फुकटचं आयतं ताटात मिळतं, म्हणून. दुसरं काय कारण असणार? खूप विचार केला, मला तरी दुसरं कारण दिसलं नाही.

आज मी जेवायला बोलावलं नाही. त्यांनी दार वाजवलं, मी आतून सांगितलं, डोकं दुखतंय. थोड्या वेळाने दाराबाहेर वाडगा ठेवलेला दिसला. अंडं, ओलसर, अगदी मी शिकवलं तसं. मी ते ओट्यापाशी उभ्याने खाल्लं.

२७ तारीख, गुरुवार

जे झालं ते झालं तसं लिहिते.

संध्याकाळी मीच वर गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या घरात पाऊल टाकलं. टेबलावर तिळाची कडक बिस्किटं, अर्धी खाल्लेली. त्यांनी लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"तुम्हाला मोकळं केलं होतं," मी म्हटलं.

"हो."

"मग मी कुणासाठी चाळणी घासत होते?"

ते म्हणाले, "तुम्हाला कधी केलं?"

"बुधवारी," मी म्हटलं. "मागच्या."

"टाचण्या बघितल्या होत्या मी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तुम्ही आपलं आपलं जेवायला लागला असता." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "आणि मला परवानगी मिळाली हे लेकीला कळलं की ती न्यायला येणार. मला जायचं नव्हतं हो. मला इथे जेवायचं होतं."

मी खुर्चीत बसले. राग होता तो कुठे गेला कळलं नाही. काहीतरी टोचून बोलायला म्हणून शब्द शोधत होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

मुलगीच. आवाज तोच खणखणीत, सगळं ऐकू येत होतं. "बाबा, मी दवाखान्यात फोन केला होता. तुम्ही केव्हाच बरे झालात! मला का नाही सांगितलं? ते असू दे, मी रविवारी येते आहे न्यायला. कपडे भरून ठेवा."

"मी येत नाही," ते म्हणाले.

"येत नाही म्हणजे? हट्ट करू नका हं. तिथे एकटे काय करणार? आजारी पडलात तर? तुमच्या जेवणाखाणाकडे बघायला आहे कोण तिथे?"

ते माझ्याकडे बघायला लागले. त्या माणसाने आयुष्यभर जहाजांवरून लोखंड उचललं, आणि एवढं एक उत्तर त्यांच्याने उचलेना. मला समजलं की हे त्यांनी द्यायचं उत्तर नाहीच. मी उठले, फोनजवळ गेले आणि दुकानात गिऱ्हाइकाला हाक मारते तशी मोठ्याने म्हणाले, "मी आहे."

"कोण बोलतंय?"

"खालची. कपडे दुरुस्तीवाली."

"म्हणजे त्या... सूप गाळून करणाऱ्या?" तिचा आवाज एकदम उतरला, मऊ झाला. "बाबा तुमच्याबद्दल रोज सांगतात. आज काय केलं, कसं केलं, तुम्ही काय म्हणालात. मी म्हटलं, इतकी वर्षं हा माणूस फोनवर 'बरा आहे, ठेवतो' याच्या पुढे जात नव्हता." मग म्हणाली, "मी रविवारी आले तर चालेल ना? न्यायला नाही. जेवायला."

"ये," मी म्हटलं. तिला मी एकेरीत बोलले हे नंतर लक्षात आलं.

फोन ठेवल्यावर आम्ही दोघंही एकमेकांकडे बघेना. त्यांनी बिस्किटांची ताटली माझ्यापुढे सरकवली. मी एक घेतलं, त्यांनी एक घेतलं. इतका आवाज झाला खाताना की बोलायची गरजच पडली नाही.

२८ तारीख, शुक्रवार

धाकटीला सगळं सांगितलं. वाटलं होतं हसेल. ती फोनवर रडायला लागली, म्हणून मीही रडले. नंतर तिने विचारलं, "आता काय?" मी म्हटलं, आता काय म्हणजे? दोन घरं आहेत तशीच आहेत, जेवायचं टेबल एक आहे.

मला फार बरं वाटतं आहे. इतकं साधं बरं कधी वाटलं होतं ते आठवत नाही. आज दुपारी आम्ही काकडी खाल्ली, कच्ची, मीठ लावून, आणि ते म्हणाले, काकडी चिरायची पद्धत माझी चुकीची आहे. मी त्यांच्या हातात सुरी दिली आणि म्हटलं, मग करा तुम्ही. त्यांनी केली. जाड जाड झाल्या फोडी, पण संपल्या.